शंभर किलोमीटरच्या आधी

प्रिय,

शंभर किलोमीटर धावण्याच्या शर्यतीसाठी केलेला तुझा सरावाचा तक्ता पाहिला. सध्या आठवड्याला जेमतेम 50 किलोमीटर होतात आणि दोन महिन्यांत थेट 120! कागदावर झकास दिसतं. पण त्यात चालणं कुठेच नाही, खाणं तर नाहीच.

2022 साली इटलीतल्या वेरोनाला लिथुआनियाचा धावपटू अलेक्सांद्र सोरोकिन 24 तासांत 319.614 किलोमीटर धावला. हिशेब कर, तासाला तेरा किलोमीटरच्या थोडं वर. या वेगाने मॅरेथॉन सव्वातीन तासांच्या आत होते. असे हौशी धावपटू ढिगाने आहेत. तो वेग दिवसभर पडू न देणं, हे खरं कसब. म्हणून सुरुवात लाज वाटेल इतकी हळू कर. चढ आला की पहिल्यापासून चाल, पाय ताजे असतानाच. लोक पुढे जातील, जाऊ देत. उतारावरही जपून, मांड्या खरं तर तिथेच कामातून जातात.

खाण्याचं सांगते. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा दोन-तीन तासांत तळाला जातो. तेव्हा पहिल्या तासापासूनच, भूक नसली तरी, तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पोटालाही सराव लागतो. शर्यतीत जे खाणार तेच रविवारच्या लांब पल्ल्यात खा. उलटी व्हायचीच असेल तर सरावात झालेली बरी.

पाण्याचं मात्र उलटं. माझ्या पहिल्या शंभरला मी वाटेत दिसेल त्या पाण्याच्या टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवत होते. सत्तराव्या किलोमीटरच्या आसपास अंगठी बोटात रुतायला लागली, घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल केला. मळमळ, डोकं जड. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. आणखी प्यायले! शेवटी वैद्यकीय तंबूत आडवं व्हावं लागलं. पाण्याच्या भडिमाराने रक्तातलं सोडियम खाली गेलं होतं. यात माणूस दगावूही शकतो. तहान लागेल तेवढंच पी, आणि बोटं सुजली तर ग्लास खाली ठेव.

बुटात खडा गेला तर तिथल्या तिथे थांबून काढ. मिनिटभराचा आळस, नि पुढे वीस किलोमीटर फोड घेऊन लंगडायचं.

तक्ता नव्याने करून पाठव. आठवड्याची वाढ पाच-सहा किलोमीटरपेक्षा जास्त नको, दर चौथा आठवडा हलका. आणि रविवारच्या रकान्यात किती धावणं झालं त्याच्याशेजारी काय खाल्लं तेही लिही.

तुझी,
ताई