लांब पल्ल्याच्या धावण्यात माणूस प्राण्यांना खरंच हरवू शकतो का?

तुमचा कुत्रा चार-पाच किलोमीटरनंतर पुळणीवर बसकण मारतो आणि तुम्ही मात्र पळत राहता, म्हणून विचारलंत की माणूस जनावरापेक्षा काटक आहे का. उन्हात, लांब अंतरावर, बहुतेक जनावरांपेक्षा हो. थंडीत अजिबात नाही: अलास्कात बर्फावरून गाडी ओढणारे कुत्रे सुमारे १,६०० किलोमीटर आठ-दहा दिवसांत कापतात.

सगळा खेळ घामाचा. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो. पण चौखूर उधळलेल्या जनावराचा श्वास पावलांशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास; मग भरधाव पळताना धापा टाकणार कशा? आपल्या कातडीवर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी, केस विरळ, आणि दोन पायांवर धावत असल्याने श्वासही मोकळा. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सान जमातीचे शिकारी याच जोरावर भर दुपारी कुडू या हरणासारख्या मोठ्या जनावराचा तासन्‌तास पाठलाग करून त्याला दमवत.

घोडा मात्र भारी पडतो, कारण तोही घामानेच थंड होतो. आमच्या रायगडात किनाऱ्यावर घोडागाडीची शर्यत संपली की जवळ जाऊन बघा, पट्ट्यांखाली आणि मांड्यांमध्ये पांढरा फेस साचलेला असतो. तो घामच. वेल्समधल्या लानुर्टिड वेल्स गावी १९८० पासून माणूस विरुद्ध घोडा अशी सुमारे ३५ किलोमीटरची डोंगरी शर्यत होते. तिथे माणूस पहिल्यांदा जिंकला तो थेट २००४ साली, ह्यू लॉब, २ तास ५ मिनिटांत.

आता आपल्या किनाऱ्याचं. मे महिन्यात इथली हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, कोपरावरून टपटप गळतो. गळून गेलेला घाम अंग थंड करत नाही. वाळला तरच करतो. त्यामुळे घाटावरच्या कोरड्या उन्हात जो वेग जमतो, तो इथे धरायला जाऊ नका.

कुत्र्याचं तर त्याहून कठीण. तुम्ही थांबला नाहीत तर तो बळ संपेपर्यंत जिवावर उदार होऊन मागे येत राहील. जीभ टोकाशी पसरट होऊन लोंबायला लागली, तो ओल्या वाळूत पोट टेकायला लागला, की त्याला उठवू नका. सावलीत न्या, पाणी पाजा, पोट-पाय भिजवा. आणि उन्हाळ्यात त्याला सूर्य वर यायच्या आधीच न्या, तेही थोडंच अंतर.