खानदेशी उन्हाळा आणि आफ्रिकन सिक्लिड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तीन फुटी, 150 लिटरच्या टाकीत बारा यलो लॅब (पिवळे सिक्लिड मासे) आहेत. मे महिन्यात दुपारी पाणी 34 अंशांवर जातं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. बर्फाचे खडे टाकले, तर दुसऱ्या दिवशी दोन मासे दगावले. काय चुकलं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : हे मासे मूळचे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. तिथे वरच्या थरातलं पाणी साधारण 23 ते 28 अंशांत असतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो. त्यात विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणाऱ्या अमोनियाची भर. सिक्लिडच्या टाकीचा पीएच 8 च्या वर असतो; 8.5 पीएचला 25 अंशांवर एकूण अमोनियाचा सुमारे 15 टक्के भाग विषारी रूपात असतो, 32 अंशांवर तो 22 टक्क्यांवर जातो. 7 पीएचच्या टाकीत तो एक टक्कासुद्धा नसतो. म्हणून उन्हाळ्यात चिमूटभर जादा खाणंही अंगाशी येतं. सकाळी लवकर एकदाच, निम्मं खाणं द्या.

काचेचं झाकण काढून जाळी बसवा, कारण सिक्लिड उडी मारतात. छोटा टेबल पंखा पाण्यावरून वारा जाईल असा तिरका लावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, त्यामुळे पाणी 2 ते 4 अंश सहज उतरतं, माठाचंच तत्त्व. पावसाळी दमट हवेत मात्र या पंख्यावर विसंबू नका. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घाला, बोअरचं नको. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. दुपारभर दिवे बंद, हीटरचा प्लग काढलेला, आणि एअर पंप रात्रंदिवस चालू.

बर्फ लागलाच तर एक लिटरच्या बाटलीत गोठवा (काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो) आणि बूच लावून बाटली तरंगत सोडा. एका बाटलीने 150 लिटर पाणी जेमतेम पाऊण अंश उतरतं. तासाला एका अंशापेक्षा जास्त उतार नको. खड्यांनी बहुधा तोच झटका बसला.

वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) चार-सहा तास बंद राहिला तर तसाच चालू करू नका. आतलं सडकं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा, मग जोडा.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस 700 आहे. दुकानदार फक्त आरओ वापरायला सांगतो.
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : निव्वळ आरओ नको. त्यात पीएच सावरून धरणारे क्षार नसतात, तो अचानक घसरतो. टीडीएस म्हणजे सगळे विरघळलेले पदार्थ. त्यात कॅल्शियम किती आणि शेतातल्या खताचा नायट्रेट किती, ते कळत नाही. केळी-कापसाच्या पट्ट्यात नायट्रेट तपासाच. पीएच मोजण्याआधी पाणी बादलीत 24 तास एअर पंप लावून ठेवा. ताज्या बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो, आकडा खोटा कमी येतो. नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या वर निघाला तर निम्मं आरओ मिसळा आणि मिश्रणाचा केएच (पीएच सावरणाऱ्या क्षारांचं माप, तेही अंशांत) मोजा. तो कमी पडला तर 100 लिटरला 6 ग्रॅम खाण्याचा सोडा. केएच सुमारे 2 अंशांनी वाढतो. नायट्रेट त्याखाली असेल तर बोअरचं पाणी उत्तम. या माशांना पीएचच्या आकड्यापेक्षा तो आठवडाभर स्थिर राहणं महत्त्वाचं.

प्रश्न : डेमासोनीचं (हाही मलावीतलाच सिक्लिड) पोट फुगलंय, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी. रोज ब्लडवर्म (लाल अळ्या) देतो.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ब्लडवर्म आजच बंद करा. डेमासोनी खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, त्याचं आतडं लांब असतं. मांसाहार त्याला मानवत नाही. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढा, तीन दिवस उपास, मग फक्त स्पिरुलिनाचे (शेवाळाचे) फ्लेक्स. खाणं सोडलेला मासा क्वचितच वाचतो, म्हणून तो अजून खातोय का ते आधी पाहा.