अर्धं काय होतं: गुणसूत्र की संख्या?

विचारणा अशी आहे: अंडपेशी आणि शुक्रपेशी ज्यातून तयार होतात त्या ‘अर्धगुणसूत्री विभाजना’त (मायोसिस) गुणसूत्रं मधोमध तुटतात का? अंडपेशीत गुणसूत्रं 46 की 23? आणि स्त्रीबीज, अंडपेशी, बीजांड हे तिन्ही एकच का?

‘अर्धचंद्र’ म्हणजे अर्धा चंद्र, तेव्हा ‘अर्धगुणसूत्र’ म्हणजे अर्धं गुणसूत्र, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे अर्धी होते ती संख्या. माणसाच्या साध्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे 23 जोड्या. जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं. दारात चपलांचे 23 जोड असावेत आणि प्रत्येकातली एकेक चप्पल उचलावी, तसं हे. चप्पल कोणी कापत नाही. (जोडीदार त्याआधी आपसांत काही तुकड्यांची अदलाबदल करतात, पण त्याने मोजणी बदलत नाही.)

46 की 23, याला माझा उलट प्रश्न: कधीची अंडपेशी? मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या कच्च्या अंडपेशी हे विभाजन सुरू करतात आणि मध्येच थबकतात. तेव्हा गुणसूत्रं 46च. ती वयात आली की दर महिन्याला साधारण एक पेशी पुढे सरकते आणि बीजकोशातून सुटण्याच्या थोडं आधी तिच्यात 23 उरतात. उरलेली 23 एका इवल्याशा पेशीच्या पदरात पडतात. तिला पोलर बॉडी म्हणतात. वाटणी गुणसूत्रांची समान, बाकी शिदोरी जवळपास सगळी मोठीकडे! तरी काम संपत नाही. ही 23 गुणसूत्रं अजून दुपदरी असतात, म्हणजे प्रत्येकाच्या दोन प्रती एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि ते पदर सुटे व्हायला शुक्रपेशी आत शिरावी लागते. मराठीत आपण या सगळ्या अवस्थांना सरसकट ‘अंडपेशी’ म्हणतो, गोंधळ तिथेच होतो. निदान ‘अपक्व’ हे विशेषण तरी लावावं.

‘स्त्रीबीज’ म्हणजे हीच अंडपेशी, फक्त माणसाची. मला हा शब्द फार आवडतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बीज. या एका शब्दाने ती वाटणी मोडीत काढली.

‘बीजांड’ मात्र जपून वापरा. दवाखान्यात ते स्त्रीबीजासाठी सर्रास ऐकू येतं, पण वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे: ज्याचं पुढे बी होतं ते. अंडपेशी त्याच्या आत असते. मटारची शेंग सोलताना टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा दाणा राहिलेला दिसतो ना? ते वाढ खुंटलेलं बीजांड.