दडपणातला क्वार्टरबॅक पाहताना

अमेरिकन कॉलेज फुटबॉल नव्याने पाहतोयस, तर क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) जोखताना एक सवय आधी मोड: पास पूर्ण झाला म्हणजे निर्णय बरोबर, असं धरू नकोस. बचावपटूच्या हातून निसटलेला चेंडू आकड्यांत दिसत नाही, पण निर्णय चुकलेलाच असतो. उलट, माणसं अंगावर आल्यावर टॅकल बॉक्सच्या (दोन टोकांच्या टॅकल खेळाडूंमधला पट्टा) बाहेर पळून स्क्रिमेज रेषेपलीकडे (जिथून खेळी सुरू होते ती रेषा) फेकून दिलेला चेंडू अपूर्ण पास म्हणून नोंदला जातो. माझ्या मते तो बहुतेक वेळा शहाणपणाचाच असतो.

८ जानेवारी २०१८ चा अलाबामा-जॉर्जिया अंतिम सामना नक्की बघ. जादा वेळेत अलाबामा ३ गुणांनी मागे. त्यांचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ, पहिल्या वर्षाचा पोरगा, मध्यंतरानंतर मैदानात उतरलेला. पहिल्याच डाउनला (प्रयत्नाला) तो चेंडू धरून मागे पळत राहिला, सॅक झाला (पास फेकण्याआधीच पाडला गेला), १६ यार्ड गेले. बरोबरीचा फील्ड गोलसुद्धा (लाथेने मिळवायचे ३ गुण) अवघड होऊन बसला! पुढच्या खेळीत त्याची नजर बघ. आधी दुसरीकडे पाहून सेफ्टीला (मागे राहणारा बचावपटू) तिकडेच गुंतवलं, मग डावीकडे डेव्होंटा स्मिथला ४१ यार्डांचा टचडाउन (६ गुणांचा) पास. सामना २६-२३. या दोन खेळींना वेगवेगळे गुण दे. विजयाच्या भरात तो सॅक माफ करू नकोस.

आणि हो, कॉलेजमध्ये सॅकचे यार्ड धावण्याच्या हिशेबातून वजा होतात, त्यामुळे पासिंगचे आकडे स्वच्छच दिसतात. सॅक वेगळे मोज, आणि प्रत्येक वेळी बघ: चेंडू सोडायला वेळ होता का?