अकरावीतच आजोबांचा शाळेचा उतारा शोधायला लागा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बार्शीत अकरावी सायन्सला, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय, घरी शेती, ओबीसीतून फॉर्म भरणार. आणि तुम्हाला धास्ती अशी की पुण्या-मुंबईची मुलं ऑलिम्पियाड, कोडिंगचे कोर्स, स्पर्धांची सर्टिफिकेटं गोळा करतायत, मग आपल्या पोरीची फाइल रिकामीच राहणार का.

फाइल बनवायचीच आहे, पण ती वेगळी. आपल्या राज्यात इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीत, सीट मिळते ती मुख्यतः सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर, तिथे कोडिंगचं सर्टिफिकेट कुणी उघडूनही बघत नाही, त्यामुळे त्या कोर्सला पंधरा-वीस हजार घालायचा विचार असेल तर थांबा. आवड म्हणून शिकायचं तर जरूर शिकू दे, अॅडमिशनसाठी नको.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते. सीईटी २०० मार्कांची, त्यात गणित एकटं १०० चं, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि अकरावीच्या पोर्शनला साधारण २० टक्के वजन, म्हणजे 'अकरावी आराम, बारावीत बघू' हे डोक्यातून काढा. बारावी बोर्डाला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये, ४५ टक्के लागतात, राखीव गटाला ४०, पण एनआयटीची, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची, आशा असेल तर बारावीला ७५ टक्के सोडू नका.

आता कागद. मी इतकी वर्षं बघतेय, मुलं मार्कांपेक्षा कागदांनी जास्त रडतात. माझ्याकडच्या एका मुलीला ९६ च्या वर पर्सेंटाइल होते, जातीचा दाखला होता, पण व्हॅलिडिटीचा, म्हणजे तो दाखला पडताळून घेण्याचा, अर्ज रिझल्ट लागल्यावर केला, त्यात त्रुटी निघाली, आणि कॅपला ती ओपनमध्ये ढकलली गेली, हवं ते कॉलेज गेलं आणि फीची सवलतही गेली. तिची आई माझ्यासमोर बसून म्हणाली, मॅडम, आम्हाला कुणी आधी सांगितलंच नाही हो. म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतेय.

जातीचा दाखला प्रांत ऑफिसचा, तो वेगळा. जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी, ती जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून मिळते, आणि सायन्सच्या मुलांना कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, तोही वडिलांच्या बाजूचा. म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी, किंवा चुलत सासऱ्यांनी, नाहीतर आत्तेसासूबाईंनी ज्या गावच्या झेडपी शाळेत पहिलीत नाव घातलं होतं तिथे जाऊन प्रवेश निर्गम रजिस्टरचा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदवहीचा, उतारा काढा. ती रजिस्टरं मी पाहिलीत, पानांच्या कडा झडलेल्या, शाई तपकिरी झालेली, आणि बऱ्याचदा आडनावच नसतं, नुसतं मुलाचं नाव आणि बापाचं नाव. जातीचा रकाना नीट वाचा. तिथे एक लिहिलंय आणि मुलीच्या दाखल्यावर दुसरं, किंवा आजोबांचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं, असं असेल तर अॅफिडेव्हिट वगैरे लागतं आणि त्यात महिने जातात. सख्ख्या दिराची किंवा पुतण्याची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर त्याची झेरॉक्स आजच मागून ठेवा, काम फार हलकं होतं.

नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घर ओबीसीतल्या सधन गटात नसल्याचा दाखला, काढताना तारीख बघा, अॅडमिशनच्या वर्षात तो पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा लागतो, त्यामुळे घाईने आत्ता काढून तेव्हा संपलेला निघाला असं नको. आणि जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटीला जायचं तर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा लागतो, राज्याचा तिथे चालत नाही, आणि तो अॅडमिशनच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला असावा लागतो. डोमिसाइल, म्हणजे राज्यातले रहिवासी असल्याचा दाखला, काढून ठेवा. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना तेही आजच बघा.

हे सगळं कशासाठी, तर २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना इंजिनिअरिंगची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, ती कॅपमधून अॅडमिशन झालं तर. मॅनेजमेंट कोट्यात गेलात तर नाही. होस्टेल-मेसचा खर्च मात्र वेगळा धरा. तुम्ही लिहिलंय की धाकटा अजून आठवीत आहे आणि दोघांचं कसं झेपणार, तर ताई, त्याचं उत्तर बरंचसं या कागदांतच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद असतं, त्याच्या आधी जाऊन या. मुलीला बरोबर न्या, अर्जात वंशावळ भरायचीय, खापरपणजोबांपर्यंतची नावं तिला तोंडपाठ हवीत. उतारा मिळाला की त्यावर नाव आणि जात कशी लिहिलीय ते जसंच्या तसं मला कळवा, अर्ज भरायच्या आधी मी बघून देते.