पाचवीच्या वर्गासाठी वेगळे प्रकल्प कोणते करता येतील? पाहुणे बोलावले तर मुलं कंटाळतात, काय करावं?

मी नाशिकच्या पंचवटीतल्या एका शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. शाळेचा प्रकल्प बहुतेकदा शेवटी थर्माकोल आणि आईबाबांच्या जागरणावर येऊन थांबतो. आमच्याकडेही तेच होत होतं. पाहुण्यांचंही तसंच. सभागृहात चाळीस मिनिटं भाषण, मग श्रीफळ. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मुलांना फक्त श्रीफळ आठवत होतं.

मग आम्ही क्रम उलटा केला. आधी मुलांचे प्रश्न आणि त्यानंतरच पाहुणा.

विषय घेतला गोदावरीचा पूर. नाशिकमध्ये पाणी फुटांत कुणी सांगत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असंच सांगतात. ऑगस्ट २०१९मध्ये तर पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. मुलांनी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना एकच विचारलं, "तुम्ही पाहिलेल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" प्रत्येक उत्तरातल्या पाण्याच्या उंचीएवढी एक सुतळी कापून आम्ही वर्गाच्या भिंतीवर टांगली. एकाच गल्लीतल्या दोन आज्यांच्या सुतळ्यांत दोन फुटांचा फरक निघाला. खरं कोणाचं, यावर दोन तास वाद झाला. तो मी थांबवला नाही, कारण पुरावा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवायला मला कधी जमलं नव्हतं.

गणित आपोआप आलं. पेपरात नाशिकच्या वरच्या बाजूला गोदावरीवर असलेल्या गंगापूर धरणाचा विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी, क्युसेकमध्ये छापतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर! शहरातल्या होळकर पुलाखालचा आकडा धरणाच्या आकड्यापेक्षा जास्त कसा, हे एका मुलीनेच विचारलं. मधल्या ओढ्यानाल्यांचं आणि शहरात पडलेल्या पावसाचं पाणी नकाशावर शोधायला मग सगळा वर्ग लागला.

एवढं झाल्यावर, पुराचं पाणी शिरतं त्या भांडी बाजारातल्या एका दुकानदार काकांना बोलावलं. व्यासपीठ नाही, हार नाही, मुलांबरोबर सतरंजीवर बसायचं. त्यांना आधीच विनंती केली होती की दहाच मिनिटं बोला आणि एखादी वस्तू आणा. त्यांनी चिखलाचे डाग पडलेली हिशेबाची वही आणली. "पाणी चढायला लागल्यावर आधी काय उचललं?" या प्रश्नावर ते क्षणभर थांबले. म्हणाले, "वजनकाटा आणि वह्या. भांडी धुऊन विकता येतात, उधारी धुतली गेली की गेली." तासभर वर्गातून कुणी हललं नाही.

माझं ठाम मत आहे की या वयाच्या मुलांना मोठ्या नावाचा पाहुणा लागत नाही. ज्याचे हात रोज त्या कामात असतात, असा माणूस लागतो. तुमच्या गावात नदी नसेल तर बाजार समितीतला हमाल, द्राक्षबागेतली छाटणी करणारी बाई, पोस्टमन, कुणीही चालेल. एक मात्र नक्की करा. मुलांचे प्रश्न दोन दिवस आधी पाहुण्यांना पाठवा, म्हणजे त्यांनाही घरी आठवणी काढता येतात.

खर्च सुतळीचा, एवढाच. पूर्ण प्रकल्पाला तीन आठवडे लागले. आणि दुकानदार बोलावणार असाल तर दिवाळीच्या आधी नको. धनत्रयोदशीला भांड्यांची गर्दी असते, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो.