खुबा बदलून आठ वर्षं झाली, काहीच दुखत नाही. रिपोर्टात ‘हाड विरळ’ लिहिलंय, काळजी करावी का?

तुमच्या आईंना चालताना कसलाच त्रास नाही, पण एक्स-रेच्या रिपोर्टात ‘दांड्याच्या वरच्या भागात हाड विरळ’ असं आलंय, म्हणून तुम्ही विचारताय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खुबा बदललेले पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. या एका ओळीने घाबरू नका. मात्र दुखत नाही म्हणून पुढचा एक्स-रे टाळू तर अजिबात नका.

हाडावर भार पडत राहिला तर ते टिकतं. भार कमी झाला की शरीर ते हळूहळू काढून घेतं. युलिउस वोल्फ या जर्मन सर्जनने 1892 मध्येच हे तत्त्व मांडलं. मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा हाडापेक्षा फार ताठ असतो. टायटॅनियमचा असेल तर साधारण पाच-सहा पट, कोबाल्ट-क्रोमचा असेल तर दहापटीहून जास्त. त्यामुळे शरीराचं वजन दांड्यातून परस्पर खाली उतरतं आणि वरच्या आतल्या बाजूच्या हाडाला काम उरत नाही. रिपोर्टात ‘झोन 7’ असेल तर तो हाच भाग. ही घट बहुतेक पहिल्या एक-दोन वर्षांत होते, पुढे मंदावते. एवढ्याने सहसा दांडा सैल होत नाही.

खरी काळजी दुसऱ्या गोष्टीची. खुब्याच्या खोबणीत बसवलेल्या वाटीतलं प्लास्टिकचं अस्तर वर्षानुवर्षं घासलं जातं आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. आपल्या संरक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्यांच्यातून जी रसायनं सुटतात, ती हाड खाणाऱ्या पेशींना कामाला लावतात आणि हाडात पोकळ्या पडतात. वाईट हे, की दांडा किंवा वाटी हलेपर्यंत किंवा हाड मोडेपर्यंत यात बहुधा काही दुखतच नाही. 1990च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन या कमी झिजणाऱ्या प्लास्टिकमुळे हे प्रमाण खूप घटलंय. आईंचं अस्तर कोणतं आहे, ते ऑपरेशनच्या कागदांवर चिकटवलेल्या इम्प्लांटच्या स्टिकरवरून कळेल.

सर्जनकडे जाताना ऑपरेशननंतरची पहिली फिल्म आणि आताची, दोन्ही न्या. भार न मिळाल्याने विरळ झालेलं हाड आतल्या कडेला गोलसर आणि फिकट दिसतं, सगळीकडे सारखंच. झिजेची पोकळी मात्र कुरतडल्यासारख्या कडेची, एका जागी काळपट डाग. एकट्या फिल्मवरून हा फरक कळणं अवघड असतं, म्हणून जुनी जपायची.

हाडांची घनता मोजायला सांगितली, तर ती दुसऱ्या खुब्याची आणि कण्याची मोजतात. धातूमुळे ऑपरेशनच्या बाजूचा नेहमीचा आकडा भरवशाचा नसतो. मोजलेली घनता कमी आली तर ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याचं) औषध घ्यायला टाळाटाळ नको. दांड्याभोवती हाड मोडलं की पुढचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा बरंच अवघड होतं. म्हणून रोजचं चालणं, पायांची ताकद आणि तोल सांभाळायचे व्यायाम, रात्री उठताना दिवा, हे माझ्या मते गोळ्यांइतकंच महत्त्वाचं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

खुर्चीतून उठून पहिली पावलं टाकताना जांघेत किंवा मांडीत कळ येऊ लागली, पाय आखूड वाटला किंवा लंगडणं सुरू झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. तापासोबत खुबा दुखला तर त्याच दिवशी दाखवा, कारण तो जंतुसंसर्गही असू शकतो.